जुन्या प्रोजेक्टमध्ये फाइल पाठवताय? आधी शून्य नंबरची ओळ बघा

मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट या कामांचं वेळापत्रक आखायच्या सॉफ्टवेअरच्या २००७ च्या आवृत्तीमध्ये ३१ डिसेंबर २०४९ च्या पुढची तारीख बसत नाही. २०१३ च्या आवृत्तीपासून ही मर्यादा २१४९ पर्यंत आहे. देखभालीच्या लांबलचक वेळापत्रकात हे हमखास आडवं येतं.

१. फॉरमॅट टॅबमध्ये ‘प्रोजेक्ट समरी टास्क’वर टिक करा. सगळ्यात वर शून्य नंबरची, म्हणजे पूर्ण प्रोजेक्टची सुरुवात आणि शेवट दाखवणारी ओळ येईल.
२. तिच्या ‘फिनिश’ रकान्यात २०४९ नंतरची तारीख दिसली, तर पुढचा टप्पा वेगळ्या फाइलमध्ये काढा.
३. मगच ‘सेव्ह ॲज’मधून २००७ चा प्रकार निवडा.

मूळ फाइलवर मात्र सेव्ह करू नका, नाव बदलाच! मॅन्युअल ठेवलेली कामं २००७ मध्ये ऑटो होतात, म्हणजे त्यांच्या तारखा सॉफ्टवेअरच ठरवतं, आणि हाताने टाकलेल्या तारखा सरकू शकतात.