प्रीमियर पद्मिनीचं नव्यानं बांधलेलं इंजिन रुळवताना

पद्मिनीचं १०८९ सीसीचं इंजिन रचनेनं साधं आहे: बिडाचा ब्लॉक, अ‍ॅल्युमिनियमचं हेड, ब्लॉकमध्येच कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा, उंचवटे असलेला दांडा) आणि वर पुशरॉड. रिबोअर करून (सिलिंडर थोडे मोठे कापून) नवे पिस्टन, रिंगा, बेअरिंग आणि कॅम-टॅपेट (टॅपेट म्हणजे कॅमवर टेकून पुशरॉड उचलणारा तुकडा) टाकले की गॅरेजमधून एकच सल्ला मिळतो, ‘हजार किलोमीटर हळू चालवा.’ हा सल्ला अर्धाच बरोबर आहे. कॅमचं आयुष्य पहिल्या वीस मिनिटांत ठरतं आणि रिंगांचं पहिल्या शंभर-दीडशे किलोमीटरमध्ये. या दोन्ही वेळी इंजिनाला नको तितकं जपलं तर नुकसानच होतं.

ऑइल २०डब्ल्यू-५० मिनरल घ्या. सिंथेटिक आत्ता नको. या इंजिनात टॅपेटचा सपाट तळ कॅमवर घासत फिरतो, त्यामुळे ऑइलमध्ये झीज रोखणारं झिंक भरपूर हवं. कंपनीच्या माहितीपत्रकात ते १००० पीपीएमच्या वर असल्याची खात्री करा. कॅमच्या उंचवट्यांना आणि टॅपेटच्या तळाला इंजिन बांधतानाच मॉलिब्डेनमची असेंब्ली पेस्ट लागलेली हवी. रेडिएटर भरताना हवा पूर्ण निघू द्या. नुसतं नळाचं पाणी घालू नका, अ‍ॅल्युमिनियमचं हेड त्यानं आतून खातं.

आता चारही प्लग काढा, इग्निशन बंद ठेवा आणि दहा-दहा सेकंद थांबत स्टार्टर फिरवा. प्लग नसल्यानं कॉम्प्रेशन तयार होत नाही आणि बेअरिंगांवर भार न येता ऑइल सगळीकडे पोचतं. ऑइलचा दिवा विझला तरी तेवढ्यावर विसंबू नका, तात्पुरतं प्रेशर गेज लावून पाहा. त्यानंतर प्लग बसवा, फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-३-४-२ तपासा, ठिणगीचं टायमिंग इंजिन बंद असतानाच जुळवून घ्या आणि कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल भरून ठेवा. गाडी पहिल्या झटक्यात सुरू व्हायला हवी. बराच वेळ स्टार्टर मारत बसलं तर कॅमवरची पेस्ट पुसली जाते आणि सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल पेट्रोलनं धुऊन निघतं.

सुरू होताच रेस २००० आरपीएमवर न्या. आयडलिंगला अजिबात सोडू नका. कॅमला ऑइल मुख्यतः फिरणाऱ्या क्रँकवरून उडून मिळतं, आणि कमी रेसवर ते पुरेसं उडत नाही. पुढची वीस ते पंचवीस मिनिटं १५०० ते २५०० च्या दरम्यान रेस वरखाली करत राहा. डॅशबोर्डवर टॅकोमीटर नसतो, म्हणून आधीच बाहेरून एक जोडून ठेवा. रेडिएटरसमोर मोठा पंखा लावा. दहा सेकंदांत ऑइल प्रेशर दिसलं नाही, कुठे गळती सुरू झाली किंवा तापमानाचा काटा चढला, तर लगेच बंद करा. कारण दूर केलं की उरलेली मिनिटं पूर्ण करता येतात. कॅम आणि टॅपेट जुनेच असून प्रत्येक टॅपेट आपापल्या जागी परत बसवला असेल, तर हा टप्पा इतका कडक पाळायची गरज नाही.

नंतर ऑइल आणि फिल्टर बदला. काढलेल्या ऑइलमधून लोहचुंबक फिरवा. करड्या रंगाची बारीक भुकटी चालते. तांबूस चकाकी दिसली तर बेअरिंग झिजतंय आणि टोचणारे कण सापडले तर कॅम, अशा वेळी गाडी रस्त्यावर काढू नका. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर हेडचे नट मधून बाहेर या क्रमानं मॅन्युअलमधल्या टॉर्कला पुन्हा कसा (गॅस्केटवाल्यानं मनाई केली असेल तर सोडून द्या) आणि त्यानंतर टॅपेटचं अंतर नव्यानं लावा. हेड बसलं की ते बदलतं.

रिंगांसाठी मोकळा, सपाट रस्ता लागतो. पनवेल ते खोपोली हा जुन्या महामार्गाचा पट्टा भल्या पहाटे उत्तम, पण पुढचा घाट पहिल्या आठवड्यात नको. तिसऱ्या गियरमध्ये ४० वरून ६० पर्यंत जोमानं न्या, मग पाय पूर्ण काढून गाडी आपोआप ४० वर येऊ द्या. असं दहा-बारा वेळा करा. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर ज्वलनाचा दाब रिंगांच्या मागे शिरून त्यांना भिंतीवर ढकलतो आणि होनिंगच्या (भिंतीवर मुद्दाम ओढलेल्या बारीक) रेषांची टोकं घासली जातात. पाय काढल्यावर सिलिंडरमध्ये ओढ निर्माण होऊन ऑइल वर येतं आणि ती घाण धुतली जाते. नुसती हळूहळू फिरवलेली गाडी भिंतीला गुळगुळीत झिलई आणते. ती एकदा चढली की रिंगा बसत नाहीत, पुन्हा उघडून होनिंग करावं लागतं.

पहिले ५०० किलोमीटर एकाच वेगात लांब जाऊ नका आणि टॉपमध्ये गाडी कण्हायला लागायच्या आत खालचा गियर घाला. थर्मोस्टॅट काढून टाकायची आपल्याकडची सवयही इथे महागात पडते, कारण थंड चालणाऱ्या इंजिनात पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं. सध्याच्या ई२० (२० टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलवर जुन्या कार्बोरेटरचं मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानानं इंधन कमी पडतं, आणि तापमान वाढतं. प्लग पांढरे दिसले तर कार्बोरेटरचा मेन जेट (पेट्रोल मोजून सोडणारं छिद्र) एक पायरी मोठा करा. इंधनाच्या जुन्या रबरी नळ्याही आत्ताच बदला.

ऑइल ५०० ला आणि १५०० ला पुन्हा बदला. डिपस्टिकची पातळी दर शंभर किलोमीटरला लिहून ठेवा. ती स्थिरावली की रिंगा बसल्या. गाडी ओढताना निळा धूर येत राहिला तर रिंगांचा संशय घ्या. उतारावर पाय काढून पुन्हा दाबल्यावरच आला, तर व्हॉल्व्ह गाइड (व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते ती नळी) तपासा. १५०० नंतर गरम इंजिनावर, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजा. फरक दहा टक्क्यांच्या आत हवा. एखादं कमी असेल तर त्यात चमचाभर ऑइल घालून परत मोजा: आकडा वाढला तर दोष रिंगांचा, नाही वाढला तर व्हॉल्व्हचा किंवा गॅस्केटचा.