‘अध्यक्षांनी काढलं’, पण कोणत्या अध्यक्षांनी? अमेरिकी काँग्रेसच्या संस्थांवर लिहिताना या चुका टाळा

एका भाषांतरात हे वाक्य माझ्यासमोर आलं होतं: ‘अमेरिकेच्या अर्थसंकल्प कार्यालयाच्या संचालकांची नेमणूक अध्यक्षांनी केली.’ व्याकरण चोख, अर्थ मात्र उलटा. आपल्याकडे विधानसभेत बसतात तेही अध्यक्ष आणि व्हाइट हाउसमध्ये बसतात तेही अध्यक्षच. वाचकाच्या डोळ्यांपुढे साहजिकच व्हाइट हाउस येतं. प्रत्यक्षात काँग्रेशनल बजेट ऑफिसच्या संचालकाच्या नेमणुकीत राष्ट्राध्यक्षांचा काडीचाही संबंध नसतो. प्रतिनिधिगृहाचे स्पीकर आणि सिनेटचे प्रेसिडेंट प्रो टेम्पोर मिळून ती करतात.

त्या दुसऱ्या पदाचं मराठी करताना आणखी एक खड्डा आहे. ‘हंगामी अध्यक्ष’ म्हटलं की आपल्याला आठवतात ते निवडणुकीनंतर आमदारांना शपथ देऊन दोन-तीन दिवसांत मोकळे होणारे अध्यक्ष. २०१९ आणि २०२४ मध्ये कालिदास कोळंबकरांनी केलं ते काम. सिनेटमधलं पद तसलं नाही. ते कायमचं आहे आणि प्रथेप्रमाणे बहुमतातल्या पक्षाच्या सर्वांत ज्येष्ठ सिनेटरकडे जातं. म्हणून मी सरळ ‘स्पीकर’, ‘राष्ट्राध्यक्ष’ आणि ‘सिनेटचे प्रेसिडेंट प्रो टेम्पोर’ असं लिहितो. जड वाटतं, पण घोळ होत नाही.

हीच गत ‘काँग्रेस’ची, म्हणजे अमेरिकेच्या संसदेच्या नावाची. ‘काँग्रेसच्या ग्रंथपालांना हटवलं’ असं शीर्षक वाचून पक्षाच्या मुख्यालयातलं वाचनालय आठवणारे लोक मी पाहिलेत, आणि त्यांना हसण्यात अर्थ नाही. लायब्ररी ऑफ काँग्रेस हे पूर्ण नाव ठेवा. ही संस्था वाटते तितकी लांबची नाही. तिचं दिल्लीत कार्यालय आहे, आणि तिथून इतर भारतीय भाषांबरोबर मराठी पुस्तकंही वॉशिंग्टनला जातात.

सगळ्यांना एकच नियम लावू नका

‘या संस्था संसदेच्या, म्हणजे त्यांचे प्रमुख संसद नेमणार आणि संसदच काढणार’ ही सगळ्यात जास्त आढळणारी चूक. तर्क सरळ दिसतो, म्हणूनच फसवतो. संस्था कायदेमंडळाची असणं ही एक गोष्ट, प्रमुखाला कोण नेमतं ही दुसरी आणि कोण काढतं ही तिसरी. प्रत्येक संस्थेचा कायदा वेगळ्या काळात, वेगळ्या भांडणातून जन्माला आलेला आहे. बजेट ऑफिस १९७४ च्या कायद्याचं. त्याच्या संचालकाची मुदत चार वर्षांची आणि कोणतंही एक सभागृह साधा ठराव करून त्याला घरी पाठवू शकतं. दुसऱ्या सभागृहाची गरज नाही, राष्ट्राध्यक्षांच्या सहीचीही नाही. याउलट सरकारी छपाई पाहणाऱ्या गव्हर्नमेंट पब्लिशिंग ऑफिसचा संचालक राष्ट्राध्यक्ष सिनेटच्या संमतीने नेमतात.

कायदा गप्प आहे म्हणजे संरक्षण आहे, असं नाही

८ मे २०२५ च्या संध्याकाळी लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या प्रमुख, म्हणजे ग्रंथपाल, कार्ला हेडन यांना व्हाइट हाउसकडून ई-मेल आला. दोन ओळींचा. वर नुसतं पहिलं नाव, खाली पद तात्काळ संपुष्टात आल्याची सूचना आणि सेवेबद्दल आभार. हेडन २०१६ मध्ये पदावर आल्या होत्या. मुदत दहा वर्षांची, म्हणजे सव्वा वर्ष शिल्लक होतं.

दुसऱ्या दिवशी मराठीत दोन प्रकारचा मजकूर दिसला. एक म्हणत होता, ‘मुदत बाकी असताना काढलं, म्हणून बेकायदा.’ दुसरा म्हणत होता, ‘राष्ट्राध्यक्षांनीच नेमलं, तेच काढणार, प्रश्नच मिटला.’ दोन्ही घाईचे.

आधी मुदतीचं पाहू. दहा वर्षांची ही मर्यादा २०१५ च्या कायद्याने आली. त्याआधी या पदाला मुदतच नव्हती. हेडन यांच्याआधीचे जेम्स बिलिंग्टन १९८७ पासून २०१५ पर्यंत बसले होते. काँग्रेसला ही तहहयात खुर्ची नको होती, म्हणून मुदत घातली. पुन्हा नेमणूक होऊ शकते. म्हणजे ती मुदत कमाल मर्यादा म्हणून आली, ढाल म्हणून नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९७ मध्येच एका सरकारी वकिलाच्या प्रकरणात सांगितलं होतं की चार वर्षांची मुदत याचा अर्थ चार वर्षं हात लावता येणार नाही असा होत नाही.

मग काढायचं कोणी? ग्रंथपालाच्या कायद्यात याबद्दल अक्षर नाही. अशा मौनाचा तिथल्या न्यायालयांनी जुन्या काळापासून लावलेला अर्थ असा, की नेमणाऱ्याच्या हातात काढणंही येतं. २०१२ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने कॉपीराइट रॉयल्टीच्या खटल्यात ग्रंथपालाला राष्ट्राध्यक्ष कधीही काढू शकतात असं नोंदवलंही होतं. तेव्हा ‘बेकायदा’ हा शब्द जपून. मात्र ‘प्रश्नच मिटला’ हेही खरं नाही, कारण खरी गुंतागुंत रिकाम्या झालेल्या खुर्चीपासून सुरू झाली.

‘प्रभारी’ शब्द लिहिण्याआधी थांबा

हेडन यांच्यानंतर ग्रंथालयातले त्यांचे उपप्रमुख रॉबर्ट न्यूलेन कामकाज पाहू लागले. व्हाइट हाउसने मात्र न्याय खात्याचे उपप्रमुख टॉड ब्लांच यांना प्रभारी ग्रंथपाल म्हणून जाहीर केलं. १२ मे रोजी न्याय खात्याचे दोन अधिकारी पत्र घेऊन ग्रंथालयात आले आणि तसेच परत गेले. एका खुर्चीवर दोघांचा दावा. राष्ट्राध्यक्षांना रिक्त जागी तात्पुरता माणूस बसवू देणारा कायदा आहे, पण तो कार्यकारी संस्थांपुरता. लायब्ररी त्यात बसते का, हाच वाद. अशा वेळी ‘प्रभारी ग्रंथपाल अमुक’ असं बातमीत बिनदिक्कत लिहिणं म्हणजे निकालाआधी निकाल देणं. ‘व्हाइट हाउसने ज्यांना प्रभारी म्हणून नेमलं ते’ असं लांबलचक लिहावं लागलं तरी चालेल.

याच गुंत्यात कॉपीराइट कार्यालयाच्या प्रमुख शिरा पर्लमटर सापडल्या. त्यांना १० मे रोजी काढल्याचं कळवण्यात आलं. हे पद ग्रंथपाल भरतात, राष्ट्राध्यक्ष नाहीत. पर्लमटर यांना हेडन यांनीच २०२० मध्ये नेमलं होतं. त्या कोर्टात गेल्या आणि सप्टेंबर २०२५ मध्ये अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मताने खटला चालू असेपर्यंत त्यांना काम करू देण्याचा आदेश दिला. हा अंतरिम आदेश होता. ‘पर्लमटर जिंकल्या’ हे शीर्षक त्यामुळे चूकच.

‘अमेरिकेचा कॅग’ म्हणा, पण पुढे एक वाक्य जोडा

गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिस, म्हणजे जीएओ, सरकारी खर्चावर नजर ठेवतं. त्याच्या प्रमुखाला कंट्रोलर जनरल म्हणतात. कॅगशी तुलना सोपी पडते आणि मीही करतो. पण कॅग हे आपल्या घटनेच्या कलम १४८ मधलं पद, मुदत सहा वर्षं किंवा वयाची ६५, आणि हटवायचं तर सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला लागते तीच प्रक्रिया. कंट्रोलर जनरलचं पद अमेरिकेच्या घटनेत नाही, काँग्रेसच्या कायद्यात आहे. मुदत १५ वर्षांची, पुन्हा नेमणूक नाही. दोन्ही सभागृहांच्या नेत्यांचा एक आयोग निदान तीन नावं सुचवतो, राष्ट्राध्यक्ष निवडतात, सिनेट मंजुरी देतं. जीन डोडारो २०१० मध्ये असेच आले आणि डिसेंबर २०२५ मध्ये त्यांची मुदत संपली.

काढण्याची गोष्ट जास्त रंजक आहे. १९२० मध्ये हे पद निर्माण करणारं विधेयक मंजूर झालं तेव्हा त्यात लिहिलं होतं की कंट्रोलर जनरलला काँग्रेस स्वतःच्या ठरावाने काढील, राष्ट्राध्यक्षांकडे कागद जाणारच नाही. राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी नेमकं याच मुद्द्यावर विधेयक परत पाठवलं: नेमणार मी, आणि काढताना मला विचारणारही नाही? पुढच्या वर्षी मसुदा बदलला. आता लागतो संयुक्त ठराव, जो कायद्यासारखाच राष्ट्राध्यक्षांच्या सहीला जातो. विल्सन यांच्यानंतरचे राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांनी १९२१ मध्ये सही केली. हा फरक मराठीत ‘ठराव’ या एका शब्दात बुडून जातो, म्हणून कुठला ठराव आणि त्याला सही लागते का, हे प्रत्येक वेळी लिहा. शिवाय कारणंही ठरलेली आहेत: कायमची असमर्थता, अकार्यक्षमता, कर्तव्यात कसूर, गैरवर्तन, गंभीर गुन्हा किंवा नैतिक अधःपतन. त्याआधी नोटीस आणि सुनावणी. महाभियोगाचा मार्ग वेगळा आहेच.

‘राष्ट्राध्यक्षांनी नेमलं, म्हणजे त्यांचा माणूस’ असं अजून वाटत असेल तर १९८६ चा बाउशर विरुद्ध सायनार खटला पाहा. तूट आवरण्यासाठी खर्चात किती कपात करायची हे ठरवण्याचं काम काँग्रेसने कंट्रोलर जनरलकडे दिलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं. ज्याला काँग्रेस काढू शकते तो काँग्रेसच्या बाजूचा, त्याला कायद्याची अंमलबजावणी करायला लावता येणार नाही, हा त्यामागचा विचार. गंमत म्हणजे काँग्रेसने तोवर एकाही कंट्रोलर जनरलला काढलं नव्हतं. वापर न झालेल्या अधिकारावर अख्खा निकाल उभा राहिला.

जुना तक्ता डोळे मिटून उतरवू नका

स्पर्धा परीक्षेच्या नोट्समध्ये आणि कोशांमध्ये आर्किटेक्ट ऑफ द कॅपिटॉलसमोर अजूनही ‘राष्ट्राध्यक्ष, सिनेटची संमती’ असं आढळतं. नावावरून वास्तुविशारद वाटला तरी हा माणूस कॅपिटॉलच्या, म्हणजे काँग्रेस जिथे भरते त्या, इमारती आणि परिसराचा कारभारी असतो. हे उत्तर २०२३ पर्यंत बरोबर होतं. त्या वर्षी ब्रेट ब्लँटन यांच्यावर सरकारी गाडीच्या गैरवापराचा ठपका आला, दोन्ही पक्षांचे खासदार वैतागले, आणि तरी त्यांना काढायला बायडन यांच्याकडे पाहावं लागलं. १३ फेब्रुवारीला बायडन यांनी ते केलं. आपल्या इमारतीच्या कारभाऱ्याला आपण हलवू शकत नाही, हे काँग्रेसला झोंबलं असावं. डिसेंबर २०२३ मध्ये संरक्षण खात्याच्या वार्षिक विधेयकातच दुरुस्ती घालून नेमणं आणि काढणं दोन्ही अधिकार काँग्रेसने आपल्या नेत्यांच्या आयोगाकडे घेतले. दहा वर्षांची मुदत तशीच राहिली. २०२४ मध्ये थॉमस ऑस्टिन यांची निवड या नव्या पद्धतीने झाली, तेव्हा तुमच्या तक्त्यात ऑस्टिन यांच्या नावापुढे ‘राष्ट्राध्यक्ष’ असेल तर ते आजच खोडा.