गाडी चालवताना फोन गप्प ठेवायचाय? सेटिंगमधल्या या चुका टाळा

गाडी सुरू झाली की फोनने आपणहून गप्प बसावं, ही सोय काही नवी नाही. आयफोनमध्ये ती २०१७ साली आली. त्याच्या आदल्याच वर्षी सॅमसंगने भारतात गॅलेक्सी जे३ या फोनवर ‘एस बाइक मोड’ दिला होता. तो चालू असताना फोन आला, की समोरच्याला रेकॉर्ड केलेला आवाज सांगायचा की ही व्यक्ती गाडी चालवते आहे, फारच तातडीचं असेल तर एक दाबा. आता तर बहुतेक फोनमध्ये असं काही ना काही असतंच. तरीही हेल्मेटमध्ये फोन खुपसून बोलणारे, मान वाकडी करून खांद्याने फोन धरणारे आणि सिग्नल सुटला तरी स्क्रीनवरून नजर न काढणारे पावलोपावली दिसतात.

यातल्या अनेकांनी ही सेटिंग कधीतरी चालू करून पाहिलेली असते. मग एखादा महत्त्वाचा कॉल चुकतो, घरचे चिडतात आणि सेटिंग बंद होते ती कायमचीच. कॉल चुकल्याचा राग त्या सोयीवर निघतो, पण बहुतेक वेळा ती अर्धवट लावलेली असते. कोणाचा फोन आत येऊ द्यायचा, हे ठरवायचंच राहून गेलेलं असतं.

आणि हे मनावर घेण्यासारखं प्रकरण आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२१ मध्ये गाडी चालवताना मोबाइल वापरल्यामुळे १,९९७ अपघात झाले आणि त्यांत १,०४० माणसं गेली. माझ्या मते खरा आकडा यापेक्षा बराच मोठा असणार, कारण धडकेच्या क्षणी चालकाच्या हातात फोन होता हे पंचनाम्यात येणार कसं? गाडी चालवताना फोन वापरणाऱ्या चालकाला अपघाताचा धोका साधारण चौपट असतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. साधा हिशोब करा. ताशी ६० किलोमीटर वेगात तीन सेकंद नजर खाली गेली, तर गाडी ५० मीटर पुढे गेलेली असते, आणि ते ५० मीटर तुम्ही पाहिलेलेच नसतात.

आवाज बंद, पण स्क्रीनवर मेसेज येतातच

अँड्रॉइडवर सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. ‘डू नॉट डिस्टर्ब’, म्हणजे मराठी मेनूतलं ‘व्यत्यय आणू नका’, चालू केलं की काम झालं असं वाटतं. पण अनेक फोनमध्ये ते मुळात फक्त आवाज आणि थरथर बंद करतं. मॅप उघडा असतो, पुढचं वळण दाखवणारी हिरवी पट्टी वर असते, आणि नेमकी तिच्यावरच सोसायटीच्या ग्रुपमधली पाण्याच्या टँकरची चर्चा येऊन बसते. मग ती पट्टी बोटाने बाजूला सारण्यासाठी हात स्टिअरिंगवरून सुटतो.

उपाय सोपा आहे, फक्त थोडा आत लपवलेला आहे. ‘व्यत्यय आणू नका’च्या सेटिंगमध्ये लपवलेल्या नोटिफिकेशन कशा दिसाव्यात, असा एक पर्याय असतो. तिथे ‘आवाजही नको, दिसायलाही नको’ या अर्थाची निवड करा. कंपनीगणिक शब्द बदलतात, जागाही बदलते. सापडलं नाही, तर सेटिंगच्या शोधपट्टीत ‘डिस्टर्ब’ टाकून बघा.

नंबर ओळखणारी ॲप्स आणखी वेगळी. कॉल संपला की ती अख्खी स्क्रीन व्यापतात, कारण आपण त्यांना ‘इतर ॲप्सवर दिसण्याची’ परवानगी दिलेली असते. ती काढून घ्या. परवानगी काढल्यावर फोन येताना नाव दिसायचं बंद झालं, तरी गाडी चालवताना त्या नावाची गरज नाहीच.

घरचे दोनदा फोन करतात, आणि दुसऱ्यांदा वाजतोच

आपल्याकडे फोन उचलला नाही तर लगेच पुन्हा लावतात, तिसऱ्यांदाही लावतात. काळजी असते म्हणून लावतात. ‘व्यत्यय आणू नका’मध्ये ‘पुन्हा कॉल करणारे’ असा एक अपवाद असतो. अँड्रॉइडवर तोच नंबर १५ मिनिटांत दुसऱ्यांदा आला, तर तो वाजू दिला जातो. आयफोनवर ही मुदत तीन मिनिटांची आहे. खरोखर अडचणीत सापडलेल्या माणसासाठी ही सोय आहे. पण ज्या घरात दोनदा लावणं हीच पद्धत, तिथे प्रत्येक कॉल आत येतो. कर्ज हवंय का विचारणारेही दोनदा लावतात, तेही आत येतात.

यावर दोन कामं करावी लागतात, आणि एक करून भागत नाही.

पहिलं काम फोनमधलं. अपवादाच्या यादीत ‘सगळे संपर्क’ ठेवू नका. अँड्रॉइडवर चार-पाच जणांना तारा लावून ‘स्टार’ करा आणि कॉल फक्त त्यांचेच येऊ द्या. आयफोनवर ‘फोकस’ या फोन गप्प ठेवण्याच्या सोयीत माणसं एकेक करून निवडता येतात. लहान मूल असेल तर शाळेचा किंवा पाळणाघराचा नंबर घाला. घरी आजारी माणूस असेल तर त्यांच्याजवळ असणाऱ्याचा घाला. ऑफिसमधल्या साहेबांचा नंबर या यादीत कशाला हवा, याचा एकदा शांतपणे विचार करा.

दुसरं काम माणसांशी बोलण्याचं. “आई, मी गाडीवर असलो की फोन वाजणार नाही. काही गंभीर असेल तरच लगेच दुसऱ्यांदा लाव, मी गाडी बाजूला घेऊन उचलीन,” एवढं सांगून ठेवा. “कुठपर्यंत आलास?” याचं उत्तर फोनलाच देऊ द्या. निघण्याआधी व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन पाठवलं, की ते १५ मिनिटं, एक तास किंवा आठ तास दिसत राहतं. गूगल मॅपमध्ये रस्ता सुरू केल्यावर प्रवासाची प्रगती शेअर करता येते, त्यात पोचण्याची अंदाजे वेळही घरच्यांना दिसते. आईला ते कसं उघडायचं हे मात्र आधी शेजारी बसून दाखवा. नाहीतर लोकेशन जातं आणि त्यापाठोपाठ “हे काय पाठवलंयस?” म्हणून फोन येतो.

आयफोनची ‘ड्रायव्हिंग’ एसटीत बसल्यावरही सुरू होते

सेटिंगमध्ये ‘फोकस’, त्यात ‘ड्रायव्हिंग’. ती कधी सुरू व्हावी यासाठी आपोआप, गाडीचा ब्लूटूथ जोडल्यावर, हाताने किंवा कारप्ले (आयफोन गाडीच्या स्क्रीनवर वापरण्याची सोय) सुरू झाल्यावर असे पर्याय आहेत. ‘आपोआप’ निवडलं तर फोन हालचालीवरून अंदाज बांधतो, आणि गाडी तुम्ही चालवताय की मागे बसलाय हे त्याला कळत नाही. रोज एसटीने किंवा कॅबने जाणारा माणूस याला वैतागतो आणि सगळंच बंद करून टाकतो. कार असेल तर ‘ब्लूटूथ जोडल्यावर’ निवडा, हा त्रास संपतो. ‘आपोआप’च ठेवायचं असेल, तर प्रवासी असताना ‘मी गाडी चालवत नाही’ हे बटण दाबायचं.

उलट तक्रारही असते. फोकस चालू आहे, तरी कारमध्ये कॉल वाजतात. फोन गाडीच्या ब्लूटूथला जोडलेला असेल तर हँड्सफ्री म्हणून आयफोन कॉल येऊ देतो, तो बिघाड नाही. नको असतील तर गाडीच्या ब्लूटूथवर फक्त गाणी ठेवून कॉलचा भाग बंद करता येतो का, ते गाडीच्या स्क्रीनवर बघा.

‘मी गाडी चालवतोय’ असं आपोआप जाणारं उत्तर चांगलं आहे, पण ते मेसेजेस ॲपपुरतंच. व्हॉट्सॲपवाल्यांना काही जात नाही. ते उत्तर सगळ्या संपर्कांना पाठवू नका, फक्त ‘फेव्हरिट्स’ना पाठवा, आणि आधी ती यादी भरलीय का ते पाहा. अनेकांची रिकामीच असते. उत्तर मिळालेल्या माणसाने इंग्रजी अक्षरांत ‘अर्जंट’ असा मेसेज टाकला, की त्याचं बोलणं तुमच्यापर्यंत पोचतं. हेही घरी सांगून ठेवा.

सॅमसंगवर हेच काम ‘मोड्स अँड रूटीन्स’मध्ये होतं. गूगलच्या पिक्सेल फोनवर ‘ड्रायव्हिंग’ मोड सेटिंगमध्येच आहे.

दुचाकीवर ‘आपोआप’च्या भरवशावर राहू नका

स्कूटरला ब्लूटूथ नसेल, तर फोनला कळायला हालचालीशिवाय काही आधार नाही. शहरातल्या गर्दीत वीसच्या वेगाने चाललेली स्कूटर त्याला कधी कळते, कधी नाही. म्हणून इथे हाताने चालू करणंच बरं. वरून खाली ओढल्यावर जी बटणं दिसतात, त्यांत ‘व्यत्यय आणू नका’ पहिल्या जागी आणून ठेवा. हेल्मेट घालण्याआधी ते दाबायचं, हा क्रम पक्का करा. हेल्मेटला ब्लूटूथ इंटरकॉम लावला असेल, तर तो जोडला जाणं हाच मोड सुरू होण्याचा इशारा म्हणून निवडता येतो.

फोन हँडलला लावणार असाल, तर थरथर शोषणारा होल्डरच घ्या. मोटारसायकलच्या इंजिनच्या जोरदार कंपनांनी कॅमेऱ्याची यंत्रणा बिघडू शकते, असं ॲपलनेच २०२१ मध्ये जाहीर केलं आहे. पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पाऊचवर पाण्याचे थेंब पडले की स्क्रीन आपोआप दाबली जाते आणि मॅप भलतीकडे सरकतो. अशा वेळी चालत्या गाडीवर तो सरळ करत बसण्यापेक्षा फोन खिशात टाका आणि फक्त आवाजावर चाला.

मॅप चालता चालता लावणं

केंद्रीय मोटार वाहन नियमांत १ ऑक्टोबर २०२० पासून झालेल्या बदलानुसार गाडी चालवताना हातातला फोन फक्त रस्ता पाहण्यासाठी, आणि तोही चालकाची एकाग्रता मोडणार नाही अशा पद्धतीने वापरायला मुभा आहे. बाकी वापर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये, धोकादायक वाहन चालवण्यात मोडतो. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही.

मुभा आहे म्हणून पत्ता चालत्या गाडीत टाइप करायचा नाही. गाडी सुरू करण्याआधी ठिकाण टाका, वाटेत पेट्रोल भरायचं असेल तर तो थांबाही आधीच जोडा, आणि आवाज ऐकू येतोय का ते बघा. मॅपचा आवाज रिंगच्या बटणावर चालत नाही, मीडियाच्या आवाजावर चालतो. तो शून्यावर असला की माणूस सारखा स्क्रीनकडे बघत राहतो. दुचाकी असेल तर दुचाकीचाच पर्याय निवडा. कारचा रस्ता लावून पुण्याला निघालात, तर मॅप तुम्हाला एक्सप्रेसवेच्या तोंडाशी नेऊन सोडेल. तिथे दुचाकीला बंदी आहे, आणि मग रस्त्याच्या कडेला नवा रस्ता शोधण्याची धांदल. ताम्हिणी, वरंधा, आंबोली अशा घाटांकडे निघाला असाल, तर तेवढ्या भागाचा नकाशा आधी घरच्या वायफायवर उतरवून ठेवा. रेंज गेली की हात आपोआप फोनकडे जातो.

फास्टॅगमधली शिल्लकही घरीच तपासा. टोलच्या रांगेत रिचार्ज करत गाडी पुढे सरकवणारे बरेच दिसतात.

मनगटावरचं घड्याळ विसरलं जातं

फोन गप्प आणि मनगट थरथरतंय, असं होतं. ॲपल वॉच फोनचा फोकस घेऊ शकतं. बाकी अनेक घड्याळांत ‘व्यत्यय आणू नका’ वेगळं चालू करावं लागतं, किंवा त्यांच्या ॲपमध्ये ‘फोनप्रमाणे’ अशी निवड करावी लागते. एकदा बघून घ्या.

ॲप टाकलं, चार दिवस चाललं, मग थांबलं

फोनमध्ये मुळातच चांगला मोड नसेल, तर मॅक्रोड्रॉइडसारखं ॲप उपयोगी पडतं. ‘कारचा ब्लूटूथ जोडला की व्यत्यय आणू नका चालू, तुटला की बंद’, एवढी एक सूचना त्यात बनवायची. शाओमी, विवो, ओपो, रिअलमीच्या फोनवर अशी ॲप्स काही दिवसांनी गप्प होतात, कारण बॅटरी वाचवण्यासाठी फोन त्यांना मागच्या मागे बंद करतो. त्या ॲपसाठी बॅटरीवरचं बंधन काढा आणि ‘ऑटोस्टार्ट’ची परवानगी द्या. ॲप निवडताना ते संपर्क, मेसेज आणि कॉल लॉग असं सगळं मागत असेल, तर दुसरं बघा. फोन गप्प करायला एवढं लागत नाही.

हँड्सफ्री आहे, मग काय हरकत?

इथे माझं मत ठाम आहे. हात मोकळे असले म्हणून लक्ष मोकळं होत नाही. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात डेव्हिड स्ट्रेयर आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, हातात फोन धरून बोलणारे आणि हँड्सफ्रीवर बोलणारे यांच्या गाडी चालवण्यात फरक आढळला नव्हता. दोन्ही तितकेच ढिले पडले होते. त्यांच्याच २०१५ च्या दुसऱ्या अभ्यासात, आवाजाने गाडीला किंवा फोनला आज्ञा दिल्यानंतर काही प्रणालींच्या बाबतीत २७ सेकंदांपर्यंत लक्ष पूर्ण परत येत नाही, असं दिसलं. लाल सिग्नलला ‘फक्त एक रिप्लाय’ टाकणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. हिरवा लागून चौक ओलांडलेला असतो, तरी डोकं त्या रिप्लायमध्येच अडकलेलं असू शकतं.

ज्यांचं पोट फोनवर आहे

रिक्षा-कॅब चालवणारे, डिलिव्हरी करणारे, प्लंबर, इलेक्ट्रिशियन यांना ‘फोन बंद ठेवा’ सांगणं सोपं आहे, पण त्यांनी धंदा कसा करायचा? त्यांच्यासाठी सगळं बंद करण्यापेक्षा कामाचं एकच ॲप अपवादात ठेवून बाकी सगळं गप्प करणं शक्य आहे. घरगुती ग्रुप, रील्स आणि क्रिकेटचा स्कोअर कामाच्या तासांत दिसायलाच नको. स्वतःचा व्यवसाय असेल, तर व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये ‘अवे मेसेज’ लावा: “आत्ता गाडीवर आहे, अर्ध्या तासात फोन करतो.” गिऱ्हाईक तेवढं थांबतं. मात्र चालत्या गाडीवर नवी ऑर्डर काही सेकंदांत स्वीकारायला लावणारी रचना ज्या कंपन्यांनी केली आहे, त्यांनी ती बदलायला हवी. तो भार एकट्या चालकाच्या सेटिंगवर टाकून चालणार नाही.

सगळं लावून झाल्यावर गाडी उभी असतानाच तपासून घ्या. मोड चालू करा आणि घरातल्या कुणाला तरी यादीत नसलेल्या नंबरवरून एकदा, मग तारा लावलेल्या नंबरवरून एकदा फोन करायला सांगा. एक व्हॉट्सॲप मेसेज टाकायला सांगा. मॅप उघडा ठेवून त्याच्यावर काही येतंय का ते बघा. यादीतला वाजला, बाकीचं काहीच दिसलं-वाजलं नाही, की सेटिंग जमली. फोनला मोठा अपडेट आला की हीच तपासणी पुन्हा करा, कारण अपडेटनंतर या पर्यायांची जागा बदलते आणि कधी कधी परवानग्याही पूर्वपदावर जातात.