आंब्याच्या पेट्या आणि धरलेला खांदा

देवगडात एप्रिल-मे म्हणजे सकाळपासून मान खाली. आंबे निवडा, पेंढा अंथरा, पेटी भरा, उचला. गेल्या हंगामात माझा उजवा खांदा असा धरला की केस विंचरायलाही हात वर जाईना. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, शीर दबलेली नाही, स्नायू आखडलेत.

पहिली चूक मीच केली. मालीश म्हणजे जोर, असं समजून मुलाकडून दाबून घेतलं. दुसऱ्या दिवशी मान वळेना! मग काकी आली. बोटं ठेवताच म्हणाली, "खांदो दगडासारखो झालो हा गो तुझो."

तिने वाटीभर खोबरेल गरम पाण्यात ठेवून कोमट केलं. आधी नुसता तळहात, मानेपासून खांद्याकडे, सावकाश. स्नायू सैल पडल्यावरच अंगठ्याने गाठीवर बेताचा दाब, तोही मी श्वास सोडताना. मणक्यावर कधीच नाही. पंधरा मिनिटं, मग गरम पाण्याची आंघोळ.

त्या रात्री बऱ्याच दिवसांनी सलग झोप लागली. पण मला मालिशीचा आराम दोन-तीन दिवसच टिकायचा, म्हणून आठवड्यातून दोनदा नेम धरला. सोबत तासाभराने उठून खांदे फिरवायचे आणि पेट्या जमिनीवर न भरता टेबलावर भरायच्या. माझ्या मते निम्मा गुण या टेबलाचाच. महिन्याभरात हात वर जाऊ लागला.

ताप, सूज, हाताला मुंग्या किंवा पोटरी एकाएकी सुजून दुखत असेल तर मात्र चोळू नका, आधी डॉक्टरांना दाखवा.