पाच व्होल्टला मान टाकणारा पॉवर सप्लाय

एलएम३१७ हा व्होल्टेज रेग्युलेटर आयसी वापरून घरी बनवलेला ॲडजस्टेबल पॉवर सप्लाय १५ व्होल्टला १ अँपिअर निमूट द्यायचा. ५ व्होल्टवर तेवढाच लोड दिला की थोड्या वेळात व्होल्टेज कोसळायचं. थंड झाला की पुन्हा सुरू. आयसी ठीक होता. तापला की तो स्वतःच आउटपुट आवरतो, एवढंच.

हिशेब सोपा आहे. १८ व्होल्ट एसी, ब्रिज (एसीचं डीसी करणारे चार डायोड) आणि ४७०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर यांतून लोडवर सुमारे २३ व्होल्ट डीसी येतात. ५ सोडून उरलेले १८ व्होल्ट आयसी गिळतो, म्हणजे १ अँपिअरला १८ वॉट उष्णता! मोठा हीटसिंक लावूनही फारसा फरक पडेना.

ट्रान्सफॉर्मर ९-०-९ (मधल्या टॅपच्या दोन्ही बाजूंना ९-९ व्होल्ट), २ अँपिअरचा होता. ब्रिजच्या एका एसी टोकाला टू-वे स्विच लावला: ६ व्होल्टपर्यंत मधला टॅप, त्यावर पूर्ण वाइंडिंग. खालच्या रेंजमध्ये डीसी १०च्या आसपास, उष्णता जेमतेम ५ वॉट.

आयसीचा धातूचा टॅब आउटपुटला जोडलेला असतो, म्हणून टॅब आणि हीटसिंक यांच्यामध्ये अभ्रकाचा वॉशर हवाच. आणि आउटपुट व ॲडजस्ट पिनमधला, व्होल्टेज ठरवणारा २४० ओहमचा रेझिस्टर थेट आउटपुट पिनवरच सोल्डर करा. लांब वायरनं जोडला तर लोडवर व्होल्टेज घसरतं.