बाजरीची भाकरी, भरीत आणि शेंगोळे: थंडीतल्या या चुका टाळा

थंडी पडली की बाजरीची भाकरी, भरीत, शेंगोळे असे बेत सुरू होतात आणि पाठोपाठ तक्रारीही येतात. भाकरी थापतानाच चिरते, भरिताला पाणी सुटतं, शेंगोळे विरघळून पिठलंच होतं. मग पीठच वाईट, वांगीच वाईट असं म्हणून मोकळं व्हायचं. खरं तर बहुतेक वेळा गफलत पाण्याची असते. ते कुठे उकळतं हवं, कुठे गार आणि कुठे अजिबात नको, एवढं सांभाळलं तरी निम्मी भांडणं मिटतात.

भाकरी

अपवाद एकच, कडू भाकरी. तिथे दोष पिठाचाच. शंभर ग्रॅम बाजरीत साधारण 5 ग्रॅम स्निग्धांश असतो, गव्हाच्या दुपटीहून जास्त. दळल्यावर हवा लागली की तो लवकर खवट होतो. 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं आणि बाजरीच्या पिठाची चकचकीत पाकिटं जिकडेतिकडे दिसू लागली, पण पाकिटावरची तारीख बघून घेणारे थोडेच. चिमूटभर पीठ जिभेवर ठेवून पाहा. मागाहून कडसर चव आली, तर कितीही तूप लावा, भाकरी कडूच लागणार. शक्यतो आठ-दहा दिवसांपुरतंच दळण आणा, जास्त असेल तर घट्ट डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवा.

आता चिरण्याचं. बाजरीत गव्हासारखं ग्लुटेन नसतं, त्यामुळे पिठाला विरी आणायची ती गरम पाण्याने आणि मळण्याने. नळाच्या पाण्यात गोळा केला, दोन हात फिरवले आणि थापायला घेतलं, की कडा फाटणारच. कडकडीत पाण्याने पिठातला स्टार्च फुगतो आणि गोळा धरून राहतो. पाणी थोडं थोडं ओता, आधी चमच्याने हलवा आणि हात पोळणार नाही इतपत निवलं की तळहाताच्या टाचेने रगडून मळा. गोळा मऊ लागेपर्यंत थांबायचं नाही. पाच माणसांचं पीठ एकदम भिजवून ठेवणं ही आणखी एक चूक. एकेका भाकरीपुरतंच मळून लगेच थापा.

तव्यावर टाकल्यावरचं अर्धं मिनिट सगळ्यात महत्त्वाचं. पिठाची बाजू वर ठेवून तिच्यावर पाण्याचा हात सगळीकडे सारखा फिरवायचा. हे पाणी पार सुकेपर्यंत वाट पाहिली तर पृष्ठभाग तडकतो, त्या भेगांतून वाफ निसटते आणि भाकरी फुगत नाही. फार ओली असताना उलटली तर तव्याला चिकटते. वरची चमक जाऊन नुसता ओलसरपणा उरला की उलटा. ही बाजू नीट डाग पडेपर्यंत भाजा आणि मग पहिली बाजू थेट आचेवर धरा. इंडक्शनवर किंवा परदेशातल्या विजेच्या शेगडीवर आच नसते. तिथे जाड तवा आधी चांगला तापवून घ्या आणि शेवटी सुती फडक्याने कडा हलक्या दाबत जा. टम्म फुगली नाही तरी पापुद्रा सुटतो.

भरीत

इथे पाणी शत्रू. भाजलेल्या वांग्याचं साल पटकन निघावं म्हणून ते नळाखाली धरतात, आणि ज्या धुरकट वासासाठी एवढा खटाटोप केला तोच मोरीत जातो. भाजल्यावर दहा मिनिटं झाकून ठेवा, वाफेने साल आपोआप सुटतं. ताटलीत सुटलेलं पाणी काढून टाका, नाहीतर भरीत सैल होतं.

वांगं घेताना आकाराच्या मानाने हलकं घ्या, जड वांग्यात बिया जास्त निघतात. भाजण्याआधी एक उभी चीर द्या. आत अळी आहे का ते कळतं आणि वांगं आचेवर फुटत नाही. जळगावच्या भरिताच्या वांग्यांना 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. खानदेशात ही फिकट हिरवी, मोठाली वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजून लाकडी बडगीत ठेचतात. आपल्याकडे बडगी नसली तर पळीने ठेचा, पण मिक्सरमध्ये फिरवू नका. त्याचा लगदा होतो आणि मग कांद्याची पात, शेंगदाणे, हिरवी मिरची काहीही घातलं तरी ती लहान बाळाची पेज वाटते.

भोगीच्या भाजीचं थोडक्यात सांगते. गाजर, पावटे आणि हरभऱ्याचे दाणे आधी घाला, वांगी आणि बोरं नंतर. तीळ भाजताना तडतडले की लगेच ताटात काढा. तापल्या कढईत राहिले तर तिथेच करपतात आणि भाजी कडवट होते.

शेंगोळे

हुलग्याच्या पिठात थोडं गव्हाचं किंवा ज्वारीचं पीठ, लसूण-मिरची-जिऱ्याचं वाटण, हळद आणि मीठ घालून घट्ट मळायचं. सैल पीठ वळायला सोपं जातं, म्हणून मोह होतो, पण तेच पुढे विरघळतं. वळ्या करंगळीहून जाड नकोत, आत कच्च्या राहतात.

फोडणीच्या पाण्याला खळखळून उकळी आल्याशिवाय एकही शेंगोळा सोडू नका. उकळत्या पाण्यात त्यांचा वरचा थर लगेच घट्ट होतो, कोमट पाण्यात तो सुटून रश्शात मिसळतो. सगळे एकदम ओतले की उकळी मोडते. म्हणून थोडे सोडा, उकळी परत येऊ द्या, मग पुढचे सोडा. पहिली चार-पाच मिनिटं डाव घालायचा नाही. तळाला लागतील अशी धास्ती वाटली तर पातेलंच धरून हलवा. वीसेक मिनिटांनी एक शेंगोळा मधोमध कापून पाहा. आत फिका, पिठूळ ठिपका दिसला तर अजून शिजवा. कच्चं हुलग्याचं पीठ पोटाला जड जातं.

रस्सा दाट करायला घालायचं पीठ मात्र गार पाण्यातच कालवा. गरम पाण्यात टाकलं की गुठळी झालीच, आणि ती मग फोडून फुटत नाही. कोकणातल्या कुळथाच्या पिठीलाही हेच लागू.

गॅस बंद करताना रस्सा पातळच दिसायला हवा, कारण तासाभरात तो निम्मा आळतो. उरलेले शेंगोळे सकाळी गरम करताना वेगळं उकळलेलं पाणी घाला, म्हणजे फार वेळ शेगडीवर ठेवून ते मोडत नाहीत. पाणी वाढवलं की मीठ पुन्हा चाखून बघा, आणि वरून कच्चं तेल घ्यायला विसरू नका.