जर्मनीत फ्लॅट घ्यायचाय? आधी सोलापुरात बसून ही गणितं करा

भारतीय पासपोर्टवर जर्मनीत घर घ्यायला कायद्याची आडकाठी नाही. मात्र घर घेतलं म्हणून तिथे राहायचा हक्कही मिळत नाही. दुबईत २० लाख दिरहमच्या मालमत्तेवर गोल्डन व्हिसा मिळू शकतो, तशी सोय जर्मनीत नाही. गाडी अडते ती दोनच ठिकाणी: कागदावर नाव कुणाचं आणि पैसे कुणाचे. पोरगा तिकडे फ्लॅट बघायला लागण्याआधी हे इकडे घरात ठरलं पाहिजे.

नावाचं आधी बघू. पहिल्या घरावर वडिलांचं नाव लावायची आपल्याकडे हौस असते. ती इथे आवरा. वडील भारतात राहणारे आणि इथलं आयकर विवरण भरणारे असतील, तर परदेशातली मालमत्ता त्यांना दरवर्षी विवरणाच्या ‘शेड्यूल एफए’मध्ये दाखवावी लागते. राहून गेलं तर काळा पैसा कायद्याखाली १० लाख रुपये दंड होऊ शकतो. छोट्या परदेशी गुंतवणुकींना अलीकडे यातून सूट मिळाली, पण घर-जमिनीला नाही. तिथे राहणाऱ्या नवरा-बायकोची नावं लावा आणि आई-वडिलांना वास्तुशांतीला बोलवा.

आता पैसे. घरातून मदत जाणार असेल तर ती मुलाला भेट म्हणून, रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस (परदेशी पैसे पाठवायच्या) योजनेतून पाठवायची. मर्यादा माणशी, आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलर. एवढी रक्कम आपल्यापैकी फार कमी जण पाठवणार, त्यामुळे खरी नजर ठेवायची ती टीसीएसवर, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक वसूल करते त्या आगाऊ करावर. वर्षात माणशी १० लाख रुपयांपर्यंत काही कापत नाहीत. त्यावरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस घेते. समजा ३० लाख पाठवायचे आहेत. एकट्या वडिलांनी एकाच वर्षात पाठवले तर २० लाखांवर ४ लाख टीसीएस. आई आणि वडील दोघांनी आपापल्या खात्यातून १५-१५ लाख पाठवले तर मिळून २ लाख. आणि दोघांनी साडेसात-साडेसात लाख मार्चमध्ये आणि तेवढेच एप्रिलमध्ये पाठवले, त्या दोन्ही वर्षांत दुसरं काही पाठवलं नाही, तर शून्य. कापलेला टीसीएस विवरण भरताना करात वळता होतो किंवा परत मिळतो, पण तोवर पैसा अडकतो आणि नेमका तेव्हाच तिकडे हप्ता तोंडावर असतो.

सोलापुरात आणखी एक अडचण येते. घरातली शिल्लक बहुतेक वेळा सहकारी बँकेत नाहीतर पतसंस्थेत ठेवींच्या रूपात असते, आणि परकीय चलन पाठवायचा परवाना सगळ्या बँकांना नसतो. तुमच्या शाखेत आधी विचारा. परवाना नसेल तर पैसे दुसऱ्या बँकेत वळवून घ्यावे लागतील आणि तिथे ए-टू फॉर्म, पॅन, पैसा आला कुठून याचे कागद मागतील. प्लॉट विकून पैसे उभे केले असतील तर खरेदीखताची प्रत हाताशी ठेवा. भारतीय बँकेकडून कर्ज काढून ते या योजनेतून परदेशी घरासाठी पाठवता येत नाही, तेव्हा तो विचार सोडून द्या.

प्लॉट मुलाच्याच नावावर असेल तर हिशेब वेगळा. तो अनिवासी असल्याने खरेदीदाराला टीडीएस कापावा लागतो. विक्रीची रक्कम त्याच्या एनआरओ (अनिवासी भारतीयांच्या इथल्या) खात्यात जाते आणि तिथून सीएच्या प्रमाणपत्रासह वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येते.

पैसे पोचले की तिकडचंही एक काम असतं. आई-वडिलांकडून मुलाला मिळालेल्या भेटीवर जर्मनीत १० वर्षांत प्रत्येक पालकामागे ४ लाख युरोपर्यंत कर नाही, पण भेटीची माहिती तीन महिन्यांच्या आत तिथल्या कर कार्यालयाला कळवायची असते. ५० हजार युरोहून मोठी रक्कम परदेशातून आली तर जर्मन मध्यवर्ती बँकेलाही कळवावं लागतं.

मग बजेट. किमतीवरचा खर्च लोक कमी धरतात. घरखरेदीचा कर राज्यागणिक बदलतो: बव्हेरियात, म्हणजे म्युनिकच्या राज्यात, ३.५ टक्के, बर्लिनमध्ये ६, ड्युसेलडॉर्फ ज्या राज्यात आहे तिथे ६.५. म्हणजे ४ लाख युरोच्या फ्लॅटवर म्युनिकला १४ हजार, ड्युसेलडॉर्फला २६ हजार. नोटार (खरेदीचा करार करून देणारा सरकारनियुक्त कायदेतज्ज्ञ) आणि नोंदणीचे साधारण २ टक्के, एजंट असेल तर त्याचं कमिशन वेगळं. ग्राहक स्वतःसाठी फ्लॅट घेत असेल तर २०२० च्या अखेरीपासून एजंटाच्या कमिशनचा निम्म्याहून जास्त बोजा त्याच्यावर टाकता येत नाही. हा सगळा वरखर्च तुम्ही स्वतःच्या खिशातून भरावा अशी बँकांची साधारण अपेक्षा असते. घरच्या मदतीचा खरा उपयोग इथेच होतो.

ब्लू कार्डवरही (कुशल नोकरदारांचा निवास परवाना) कर्ज मिळतं, पण पीआर म्हणजे कायमचा निवास परवाना असेल तर बँकेशी बोलणं सोपं जातं. ब्लू कार्डवाल्यांना २७ महिन्यांनी, जर्मन भाषेची बी-वन पातळी असेल तर २१ महिन्यांनी पीआर मागता येतो. सहा-आठ महिनेच उरले असतील तर थांबा, असं माझं मत.

फ्लॅट आवडला की भिंतींचा रंग नंतर बघा, आधी कागद मागा. सोसायटीच्या गेल्या तीन वर्षांच्या सभांचं इतिवृत्त, महिन्याचा मेंटेनन्स, दुरुस्ती निधीत शिल्लक किती, ऊर्जा प्रमाणपत्र, ग्रुंडबुख म्हणजे जमीन नोंदवहीचा ताजा उतारा. छत किंवा हीटिंग बदलायचं ठरलंय आणि निधी रिकामा आहे, तर तो खर्च तुमच्या गळ्यात पडणार. फ्लॅटमध्ये भाडेकरू असेल तर जास्तच सावध राहा. मालक बदलला तरी त्याचा करार चालू राहतो. भाडेकरू राहायला आल्यानंतर भाड्याच्या इमारतीची वेगवेगळ्या मालकीच्या फ्लॅटमध्ये विभागणी झाली असेल, तर नव्या मालकाला स्वतः राहण्यासाठीही किमान तीन वर्षं, काही शहरांत दहा वर्षांपर्यंत त्याला काढता येत नाही. लेकराबाळांसकट राहायला जायचं असेल तर रिकामाच फ्लॅट बघा.

इसार देऊन सौदा पक्का करायची सवय तिथे कामाची नाही. नोटारपुढे करार होईपर्यंत कुणीच बांधलेलं नसतं. एजंटाच्या छापील अटींतलं, फ्लॅट राखून ठेवायचं शुल्क तर तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०२३ साली बेकायदा ठरवलं. नोटार हा दोन्ही बाजूंसाठी तटस्थ असतो. कराराचा मसुदा साधारणपणे दोन आठवडे आधी तुमच्या हातात यायला हवा, आणि सहीच्या दिवशी पूर्ण करार मोठ्याने वाचला जातो. जर्मन पुरेसं येत नसेल तर दुभाषी घ्या. किंमत रास्त आहे का, भिंतीत ओल आहे का, हे मात्र नोटार बघत नाही. बायको तेव्हा बाळंतपणासाठी माहेरी, सोलापुरात असली तर मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासात सही साक्षांकित करून घेण्याची वाट असते. अपॉइंटमेंटचं आधीच विचारून ठेवा.

सहीनंतर ग्रुंडबुखात तुमच्या नावाची पूर्वनोंद होते, म्हणजे विकणारा तोच फ्लॅट दुसऱ्याला देऊन तुम्हाला फसवू शकत नाही. नोटारचं ‘आता पैसे भरा’ असं पत्र येईपर्यंत एक युरोही सोडू नका. रोखीने तर २०२३ पासून तिथे घर घेताच येत नाही. पुढे कर भरल्याचा दाखला लागतो आणि मग मालकीची नोंद होते.

काही वर्षांनी सोलापुरात परतायचा विचार असेल तर एवढं पाहून ठेवा. अनिवासी असताना घेतलेला फ्लॅट परत आल्यावरही ठेवता येतो, भाड्यानेही देता येतो. पण तुम्ही भारताचे पूर्ण निवासी करदाते झालात की ते भाडं इथल्या विवरणात येतं, तिथे भरलेल्या कराची सवलत दुहेरी कर कराराखाली मागावी लागते, आणि सुरुवातीला वडिलांसाठी टाळलेलं ‘शेड्यूल एफए’ आता तुम्हाला भरावं लागतं. भाड्याने दिलेला फ्लॅट खरेदीपासून दहा वर्षांच्या आत विकलात तर नफ्यावर जर्मनीतही कर लागतो, म्हणून परतीचं वर्ष आणि विक्रीचं वर्ष एकत्रच ठरवा.